काचेवरचे पांढरे डाग पुसून का जात नाहीत? कारण ते घाणीचे नसतात!

गाडी धुतली, फडका मारला, काच वाळली आणि उन्हात पाहिलं तर सगळीकडे पांढरे गोल ठिपके! ओला फडका फिरवला की ठिपके गायब होतात, काच वाळली की पुन्हा हजर. बाथरूमच्या काचेच्या दाराचं, बेसिनवरच्या आरशाचं आणि बाल्कनीच्या सरकत्या काचांचं रडगाणंही हेच. मग कोणी वर्तमानपत्राचा बोळा घासतं, कोणी टूथपेस्ट लावतं, कोणी निळ्या स्प्रेची अख्खी बाटली संपवतं. शेवटी वैतागून भांडी घासायची तारेची घासणी हातात घेतली जाते आणि तिथे काचेचं कायमचं नुकसान होतं.

इतकी मेहनत वाया जाते, कारण डाग नेमका कशाचा आहे हे आधी कोणी बघतच नाही. काचेवर दिसणारा धुरकटपणा साधारण चार प्रकारचा असतो: पाण्यातले क्षार, तेलकट थर, साधी धूळ किंवा मीठ, आणि खुद्द काचेलाच झालेली इजा. लांबून चारही सारखेच दिसतात, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चुकीचा उपाय केला तर डाग तसाच राहतो आणि काच मात्र खराब होते.

थेंब वाळतो, चुनखडी उरते

पाऊस जमिनीवर पडतो, मुरतो आणि खडकांच्या फटींतून खाली झिरपतो. मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे हे पाणी किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. असं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःत विरघळवून घेतं. शाळेच्या पुस्तकात यालाच ‘दुष्फेन’ पाणी म्हटलेलं असतं. बोलीभाषेत आपण त्याला ‘जड पाणी’ म्हणतो. साबणाला फेस न येणं आणि डाळ लवकर न शिजणं, या त्याच्या ओळखीच्या खुणा.

असं पाणी काचेवर वाळतं तेव्हा उडून जातं ते फक्त पाणी. विरघळलेलं कॅल्शियम मागे राहतं आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं. हा पदार्थ म्हणजेच चुनखडी. शहाबादी फरशी ज्या दगडाची असते, त्याचाच हा सूक्ष्म थर! तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ओल्या फडक्याला दाद देत नाही. काच ओली असताना डाग दिसत नाही, कारण पाणी त्या खडबडीत थरातल्या फटी भरून काढतं आणि प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही. पाणी वाळलं की फटी पुन्हा मोकळ्या होतात आणि डाग पुन्हा दिसू लागतो.

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००) पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला जातो. दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. आता १५ लिटरची बादली घ्या. पाण्याचा जडपणा ६०० असेल, तर त्या एका बादलीत चुनखडीच्या हिशेबात सुमारे ९ ग्रॅम क्षार असतात. पाणी दिसायला मात्र स्वच्छ, नितळ!

डाग गोल आणि कडेला जाड का असतो?

नीट पाहिलं तर डागाचा मधला भाग फिकट आणि कडा जास्त पांढरी दिसते. चहा-कॉफीच्या सांडलेल्या थेंबाचंही असंच होतं. थेंबाची कडा काचेला घट्ट धरून बसते आणि तिथलं पाणी सर्वात आधी वाळतं. ती जागा भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि सोबत कणही तिकडे नेतं. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याचं स्पष्टीकरण दिलं. याला ‘कॉफी रिंग’ परिणाम म्हणतात.

यातून एक कामाची गोष्ट कळते. थेंब काचेवर वाळूच दिला नाही, तर डाग पडतच नाही. म्हणून भर उन्हात गाडी धुणं हा डाग पाडून घेण्याचा हमखास मार्ग आहे. काच तापलेली असते आणि पुसायच्या आधीच थेंब वाळतात.

तुमच्या घरचं पाणी कुठून येतं?

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात मुरलेलं बोअरवेलचं आणि विहिरीचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्याला तर खाऱ्या भूजलामुळे ‘खारपाणपट्टा’ असंच नाव पडलं आहे. याउलट मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, म्हणजे मुख्यतः पावसाचं साठवलेलं पाणी मिळतं. ते तुलनेने हलकं असतं. एकाच शहरात महापालिकेचं पाणी येणाऱ्या घरी काच चकचकीत आणि टँकर-बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत ठिपकेच ठिपके, असं दिसतं ते यामुळेच.

इथे अनेक घरांत एक चूक होते, तीही चांगल्या हेतूने. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत साठवून गाडी धुतली जाते. पाणी वाचवणं योग्यच आहे. पण आरओ यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते वेगळे काढून त्या टाकाऊ पाण्यात सोडतं. म्हणजे हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही जड असतं. ते फरशी पुसायला, टायर आणि चिखल धुवायला वापरा. काचेवरचा शेवटचा हात मात्र त्या पाण्याचा नको.

पाच मिनिटांची परीक्षा

कोणताही उपाय करण्याआधी काचेचा एक कोपरा निवडा आणि या क्रमाने तपासा.

१. साधं पाणी: ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि वाळू द्या. डाग गेला तर ती धूळ होती किंवा मीठ. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ काचेवर बसतं. ते पाण्यात सहज विरघळतं.

२. भांड्यांचं लिक्विड: पाण्यात एक थेंब टाकून पुसा. धुरकटपणा गेला आणि बोटाला निसरडं लागणंही थांबलं, तर तो तेलकट थर होता.

३. व्हिनेगर: डागावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. बारीक बुडबुडे दिसले किंवा डाग फिका झाला, तर ते क्षार आहेत.

४. नख: या तिन्हींनी फरक पडला नाही, तर डागावरून हलकेच नख फिरवा. खरखरीत लागलं तर जुना, जाड थर आहे. अगदी गुळगुळीत लागलं आणि तरी डाग दिसत असेल, तर काचेचाच पृष्ठभाग झिजलेला असण्याची शक्यता जास्त.

क्षारांचे डाग: घासू नका, भिजवा

चुनखडीवर आम्ल पडलं की ती विरघळते. व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. ते कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावून कॅल्शियम ॲसिटेट बनवतं आणि हे पाण्यात विरघळतं. बुडबुडे दिसतात ते कार्बन डायऑक्साइडचे. लिंबाचा रसही हेच काम करतो, पण त्यातला गर काचेला चिकटतो. त्यापेक्षा ढोकळ्यासाठी घरात आणलेलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, जास्त सोयीचं. एक कप (सुमारे २०० मिली) कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे पुरेत. व्हिनेगरसारखा वासही येत नाही.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेच्या बाबतीत. स्प्रे मारला आणि लगेच पुसला, तर आम्लाला काम करायला वेळच मिळत नाही. पद्धत अशी:

• आधी भरपूर पाण्याने काचेवरची धूळ वाहू द्या.
• व्हिनेगर आणि पाणी समान घ्या. त्यात पेपर नॅपकिन किंवा जुना सुती कपडा भिजवून डागावर चिकटवा.
• पाच ते दहा मिनिटं तसंच ठेवा. वाळू देऊ नका, मधेच थोडं शिंपडा.
• मऊ कपड्याने हलक्या हाताने पुसा. थर जाड असेल तर हीच कृती दोन-तीनदा करा. जोर वाढवण्यापेक्षा वेळ वाढवा.
• साध्या पाण्याने नीट धुवा आणि लगेच कोरडं करा.

गाडीवर हे करताना गाडी सावलीत आणि काच थंड असू द्या. द्रावण रंगावर, क्रोमवर किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ओघळलं, तर लगेच पाण्याने धुऊन टाका. काचेवर फिल्म किंवा पाणी झटकणारं कोटिंग असेल, तर आधी कोपऱ्यात तपासून बघा.

घरात मात्र एक मोठी खबरदारी घ्यावी लागते. बऱ्याच फ्लॅटमध्ये खिडकीची खालची पट्टी संगमरवराची किंवा कडाप्प्याची असते. संगमरवर, कडाप्पा आणि शहाबादी हे सगळे चुनखडीच्याच घराण्यातले दगड. काचेवरचा डाग ज्या कारणाने विरघळतो, त्याच कारणाने ही दगडी पट्टीही व्हिनेगरने खाल्ली जाते, चकाकी जाऊन पांढुरका चट्टा पडतो. म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा आणि ओघळ लगेच टिपा.

जीवावर बेतणारी चूक

व्हिनेगरने काम होत नाही म्हणून टॉयलेट क्लीनर किंवा फरशी धुण्याचं ॲसिड काचेवर टाकणारे बरेच आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. क्षार जातात हे खरं, पण नळाचं क्रोम, ॲल्युमिनियमची चौकट आणि दगडी पट्टीही त्यासोबत जाते.

याहून गंभीर धोका मिश्रणाचा आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि कोणतंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. तो डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसांना इजा करतो आणि बंद बाथरूममध्ये जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नका. चुकून झालंच, तर पुसत बसण्याऐवजी लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा श्वासाचा त्रास थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा.

काही ‘झटपट डाग घालवणाऱ्या’ द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. काच विरघळवू शकणारं हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर परिणाम करतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. लेबल नसलेल्या कॅनमधलं कोणतंही द्रावण म्हणूनच घरात आणू नये.

तेलकट थर: जो दिवसा दिसत नाही

क्षारांचे ठिपके डोळ्यांना खुपतात, म्हणून सगळं लक्ष त्यांच्याकडे जातं. गाडीच्या बाबतीत जास्त धोकादायक असतो तो न दिसणारा तेलकट थर. बाहेरून रस्त्यावरचं तेल, डिझेलची काजळी आणि गाडीला लावलेलं वॅक्स काचेवर बसतं. आतून डॅशबोर्ड हातभार लावतो. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली रसायनं गाडी उन्हात तापली की हळूहळू हवेत मिसळतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीच्या वासातही अशाच बाष्पांचा वाटा असतो. डॅशबोर्डवर तेलकट पॉलिश मारलं असेल किंवा गाडीत कोणी सिगारेट ओढत असेल, तर थर आणखी लवकर जमतो.

दिवसा ही काच स्वच्छच वाटते. रात्री समोरून हेडलाइट आला की तोच थर प्रकाश विखुरतो आणि सगळ्या काचेवर पांढुरका पडदा पसरतो. नेमक्या त्याच क्षणी रस्ता ओलांडणारा माणूस, अंधारात उभी असलेली ट्रॉली किंवा दिवा नसलेली सायकल दिसत नाही. पहिल्या पावसात तर वायपर हा थर पाण्यात कालवून काचभर फासतो. शिवाय मेणचट काचेवर आतून वाफही लवकर धरते.

काचेतून किती प्रकाश आत यावा, हे कायद्यानेही ठरवलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. नियमात बसणारी काचही मेणचट राहिली, तर चालकाला रात्री नीट दिसत नाही.

या थरावर व्हिनेगर फारसं चालत नाही. इथे साबणाचं काम. एक मग पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरेत. त्या पाण्यात कपडा बुडवून घट्ट पिळा आणि काच पुसा. मग साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कपड्याने साबण काढा आणि तिसऱ्या कोरड्या मायक्रोफायबर कपड्याने चमकवा. साबण नीट निघाला नाही, तर त्याचाच नवा थर बसतो.

आतून काच पुसताना हात आडवा आणि बाहेरून उभा फिरवा. नंतर एखादी रेघ दिसली, तर ती आडवी की उभी यावरून आत राहिली की बाहेर, हे लगेच कळतं. मागच्या काचेला आतल्या बाजूने वाफ घालवण्याच्या बारीक तपकिरी रेघा असतात. तिथे हात रेघांच्याच दिशेने, अगदी हलका ठेवा. ब्लेड तर तिथे कधीच लावू नका.

काच पुसून झाली की वायपरचं रबरही ओल्या कपड्याने पुसून घ्या. कपड्यावर काळा पट्टा उमटेल. तोच रोज काचेवर फासला जात असतो. रबर कडक झालं असेल किंवा त्याला चिरा पडल्या असतील, तर पावसाळ्याआधी बदलून टाका.

बाथरूम आणि स्वयंपाकघर: दोन वेगळे चिकट थर

बाथरूमच्या काचेवर एकटे क्षार नसतात. अंगाचा साबण आणि जड पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. पांढरा, किंचित चिकट. इथे दोन टप्पे करावे लागतात. आधी साबणाच्या पाण्याने वरचा मेणचटपणा काढा, मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेला कपडा लावून ठेवा. अंघोळ झाल्यावर रबरी पट्टीच्या छोट्या वायपरने वरून खाली पाणी ओढून घेतलं, तर काम एका मिनिटात होतं आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

आरशावर थेट स्प्रे मारू नका. द्रावण ओघळून कडेने मागच्या चंदेरी थरात शिरतं आणि आरशाच्या कडा काळ्या पडतात. कपडा ओला करा आणि मग पुसा.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर फोडणीचा तेलकट राप बसतो. हवा आणि उष्णतेने ते तेल घट्ट, पिवळट, चिकट होत जातं. कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड लावून दहा मिनिटं थांबा, मग पुसा. धुण्याचा सोडा जास्त जोरकस असतो, पण तो ॲल्युमिनियमची चौकट काळवंडवतो. तो लावायचाच असेल, तर फक्त काचेवर लावा आणि लगेच धुवा.

उंचावरच्या खिडक्यांबाबत एकच नियम: बाहेरची बाजू पुसण्यासाठी खिडकीच्या पट्टीवर चढायचं नाही आणि कोणाला चढवायचंही नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंना तर मुळीच नाही. आत उभं राहून लांब दांड्याच्या वायपरने हात पोचेल तेवढंच करा. उरलेलं काम सुरक्षेची साधनं असलेल्या लोकांकडून करून घ्या. राहिलेला डाग नंतरही काढता येतो.

काचेला ओरखडे कशाने पडतात?

खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोह मापनश्रेणीवर मोजतात. चुनखडीतलं मुख्य खनिज कॅल्साइट ३ वर आहे, काच साधारण साडेपाचवर, तर वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे चुनखडी काचेला ओरखडत नाही, पण धुळीतला वाळूचा एक कणसुद्धा ओरखडतो. म्हणूनच कोरड्या धुळीच्या काचेवर कोरडा फडका मारणं किंवा वायपर चालवणं ही सर्वात वाईट सवय. तारेची घासणी आणि खरखरीत हिरवी घासणीही काचेपासून लांबच बऱ्या.

सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाला अनेकदा एकच बादली आणि एकच फडका घेऊन सकाळच्या तासाभरात अनेक गाड्या उरकाव्या लागतात. पहिल्या गाडीची वाळू मग पाचव्या गाडीच्या काचेवर घासली जाते. दोष त्याचा नाही, साधनं तेवढीच असतात. तुमच्या गाडीसाठी दोन मऊ कपडे वेगळे द्या आणि स्वच्छ पाणी घ्यायची सोय करून द्या. पॉलिशच्या खर्चापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

कशानेच न जाणारा डाग

काच बहुतांश सिलिकाची असते, पण तिच्यात सोडा आणि चुनाही असतो. पाणी काचेवर बराच काळ साचून राहिलं, तर ते काचेतलं सोडियम हळूहळू बाहेर काढतं. त्यामुळे ते पाणी अल्कधर्मी होतं आणि असं पाणी काचेचा पृष्ठभाग कुरतडू लागतं. गोदामात एकमेकींना टेकून ठेवलेल्या काचांमध्ये ओल शिरली, तर त्या न वापरताच धुरकट होतात, त्याचं कारण हेच. शेजारी बांधकाम चालू असेल, तर सिमेंटचं ओघळणारं पाणीही असंच अल्कधर्मी असतं. सिमेंटचे शिंतोडे वाळायच्या आत धुणं म्हणूनच गरजेचं.

बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात विरघळलेला सिलिकाही असतो. त्याचा थर व्हिनेगरला दाद देत नाही. अशा वेळी सेरियम ऑक्साइड या बारीक पावडरीने काचेला पॉलिश करावं लागतं. वरवरचा थर त्याने निघतो. गाडीच्या पुढच्या काचेवर मात्र हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, कारण एकाच जागी जास्त पॉलिश झालं तर समोरचं दृश्य लहरल्यासारखं दिसू लागतं. खोल ओरखडे असतील, तर काच बदलणंच शहाणपणाचं.

व्हायरल उपायांचं खरं-खोटं

• बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र: व्हिडिओत फेस छान दिसतो, पण एक आम्ल आणि दुसरा अल्क असल्याने दोघं एकमेकांचा जोर संपवतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वापरायचेच असतील, तर वेगवेगळे वापरा.
• टूथपेस्ट: त्यात बारीक घासकण असतात, त्यामुळे हलके डाग थोडे कमी होतात. फिल्म किंवा कोटिंग असलेल्या काचेवर मात्र नको.
• कोला: त्यातल्या फॉस्फोरिक आम्लाने क्षार थोडे विरघळतात, पण साखरेचा चिकटा मागे उरतो. त्यापेक्षा लिंबूसत्त्व स्वस्त आणि स्वच्छ.
• वर्तमानपत्र: साफ केलेली काच शेवटी चमकवायला ठीक. क्षार काढायला नाही. शाई हाताला आणि पांढऱ्या चौकटीला लागते, ती वेगळी.
• निळा स्प्रे: धूळ, बोटांचे ठसे आणि हलका तेलकटपणा यासाठी चांगला. चुनखडीसाठी तो बनवलेलाच नसतो. काचेवर फिल्म असेल, तर अमोनिया नसलेलाच घ्या.

डाग पडूच नयेत म्हणून

गाडी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत धुवा. काचा सर्वात शेवटी आणि वरून खाली धुवा. थेंब वाळायच्या आत वायपरने ओढा किंवा मायक्रोफायबरने टिपा. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि कपडा पाणी शोषेनासा होतो.

शेवटच्या हातासाठी हलकं पाणी हवं असेल, तर ते बहुधा घरातच मिळतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते पिण्यासाठी नाही, पण काचेसाठी उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरही चालतं. गाडीच्या वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी भरू नका, नाहीतर बटण दाबाल तेव्हा क्षारांचाच फवारा उडेल.

आणि क्षारांचा डाग दिसला की त्याच आठवड्यात काढा. ताजा थर दहा मिनिटांत सुटतो. वर्षभर साचलेल्या थराला मात्र अख्खा रविवार द्यावा लागतो, आणि तेवढ्या काळात खालची काच झिजली असेल, तर तो रविवारही वाया जातो.

आज रात्री एक सोपं काम करून बघा. गाडी उभी असताना आत बसा आणि समोरून येणाऱ्या दिव्याकडे काचेतून पाहा. दिव्याभोवती धुरकट वलय दिसलं, तर उद्याच्या प्रवासाआधी भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि तीन स्वच्छ कपडे काढा. सुरुवात आतल्या बाजूने करा.